पाटेश्वरची लेणी आणि लिंबची बारा मोटेची विहीर: साताऱ्याहून एका दिवसाची जमिनीखालची फेरी

साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळच्या आत परत यायचं आणि मधल्या वेळात जमिनीच्या पोटात उतरून यायचं, असं ठरवलं तर पाटेश्वरची लेणी आणि लिंबची बारा मोटेची विहीर ही जोडी सगळ्यात सरस. दोन्ही ठिकाणं सातारा तालुक्यातली. शहरापासून प्रत्येकी साधारण पंधरा किलोमीटर, पण विरुद्ध अंगाला. पाटेश्वर देगावच्या बाजूच्या डोंगरावर, तर लिंब पुणे-सातारा महामार्गाच्या बाजूला कृष्णाकाठी. जाऊन-येऊन गाडी साठ किलोमीटरच्या आसपास पळते, म्हणजे चारचाकीला चार-साडेचार लिटर पेट्रोल पुरतं. दुचाकीवर ही फेरी आणखी सोपी.

या फेरीला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला आहे तो जागेवर मिळणाऱ्या माहितीचा. समोरचा दगड काय आहे हे सांगणारं कुणी भेटलं नाही तर माणूस अंधारात चार पावलं जातो, दोन पिंडींना हात जोडतो आणि बाहेर येऊन म्हणतो, "झालं बघून." पाटेश्वरला तीन तास आणि लिंबला दीड तास, एवढा वेळ हातात हवाच. तेवढा नसेल तर दोन्हीतलं एकच करा. भाड्याच्या गाड्यांच्या 'सातारा दर्शन' फेऱ्यांत कास, ठोसेघर, सज्जनगड आणि जाता जाता विहीर असं सगळं एका दिवसात कोंबलेलं असतं. त्यात विहिरीच्या वाट्याला वीस मिनिटं येतात आणि पाटेश्वर बहुतेक वेळा यादीतच नसतं. अशी फेरी घेऊ नका. गाडी ठरवतानाच चालकाला सांगा की दोनच ठिकाणं आहेत आणि थांबा लांबचा आहे. नाहीतर अकरा वाजताच हॉर्न वाजायला लागतात.

आत काय मिळणार, याची कल्पना आधी असलेली बरी. गुहा म्हटलं की छतातून लोंबणारे चुनखडीचे झुंबर डोळ्यापुढे येतात. ते आंध्र प्रदेशातल्या बेलमला. तिथली गुहा ३,२२९ मीटर लांब आहे आणि साधारण दीड किलोमीटर भाग लोकांना बघता येतो. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते म्हणून तशा गुहा होतात. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. हा दगड पाण्यात तसा विरघळत नाही. त्यामुळे साताऱ्यात जमिनीखाली जे बघायचं ते बहुतेक माणसाने छिन्नी-हातोडीने कोरलेलं. पाचगणीजवळच्या राजपुरीसारख्या काही नैसर्गिक गुहा आहेत, पण त्या डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या कृपेने: जांभ्यातून पाणी झिरपतं, खालच्या मऊ मातकट थराला लागून बाहेर पडतं आणि तो थर झिजत जातो. पाटेश्वर आणि लिंब बघायला जाताना झुंबरं विसरा आणि कारागिरी बघायची तयारी ठेवा.

आधी पाटेश्वर, तेही सकाळी लवकर

क्रम महत्त्वाचा आहे. पाटेश्वरला चढ आहे, म्हणून ते सकाळच्या गारव्यात करायचं. लिंबच्या विहिरीत ऊन भर दुपारीच उतरतं, म्हणून तिथे साडेबाराच्या आधी पोचायचं. पुण्याहून येणाऱ्यांना लिंब वाटेत लागतं आणि आधी तिथेच थांबायचा मोह होतो. तो आवरा. सकाळी नऊला विहिरीत नुसती सावली असते आणि पाटेश्वरचा चढ मग बाराच्या उन्हात नशिबी येतो.

साताऱ्यातून साडेसहाला निघालात तर सव्वासातपर्यंत देगावमार्गे डोंगराशी पोचता. गाडी वर जाते तिथपर्यंत न्यावी आणि पुढे पायवाटेने नि पायऱ्यांनी चालावं. सावकाश गेलं तरी अर्ध्या तासात पोचता. वाट झाडीतली आहे, फार दमवणारी नाही. सुरुवातीला गणपती, मग वरच्या अंगाला कमळांची पुष्करणी आणि पुढे देवळाचा परिसर. माणशी दोन लिटर पाणी खालूनच घ्या. पुष्करणीतलं पाणी पिण्यासाठी धरू नका. खायचंही बरोबर न्या. चटणी-भाकरी, दशम्या, केळी असं सुटसुटीत न्यावं, म्हणजे कचरा होत नाही आणि माकडंही फार मागे लागत नाहीत.

मुख्य देवळाचं आजचं बांधकाम अठराव्या शतकातलं. देगावचे सावकार परशुराम नारायण अनगळ यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. देऊळ बघायला अर्धा तास पुरतो. खरं पाटेश्वर आहे ते आजूबाजूच्या मठांत आणि कोरीव दालनांत. बलिभद्र मठ आणि वऱ्हाडघर ही दोन नावं लक्षात ठेवा आणि वाटेत कुणी भेटलं तर याच नावांनी विचारा. 'गुहा कुठे' विचारलं की लोक देवळाकडेच बोट दाखवतात. वऱ्हाडघर चुकवून परत गेलेले लोक खूप, आणि तिथेच पिंडींची सगळ्यात मोठी दाटी आहे.

आत शिरलात की आधी दोन मिनिटं काही करू नका. टॉर्च बंद, पाय जागेवर. उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. ही दोन मिनिटं दिली नाहीत तर पहिल्या दालनातलं निम्मं दिसतच नाही आणि उंबऱ्याला ठेच लागते ती वेगळी. काही दारं ठेंगणी आहेत. नुसती मान वाकवून भागत नाही, गुडघ्यातून वाकावं लागतं. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या, नाहीतर ती चौकटीला घासते आणि वळताना मागच्या मूर्तीला लागते.

पिंडी किती आहेत ते मोजायच्या भानगडीत पडू नका. प्रकार बघा. वितभर उंचीच्या साध्या पिंडी आहेत, एकाच शाळुंखेवर, म्हणजे पिंडीच्या बैठकीवर, अनेक लिंगं असलेल्या आहेत, आणि काही मोठ्या लिंगांच्या अंगावर ओळीने इवली इवली लिंगं कोरलेली आहेत. या शेवटच्या प्रकाराला सहस्रलिंग म्हणतात. अशा एका लिंगाजवळ बसून एक आडवी ओळ आणि एक उभी ओळ मोजा, दोन्हींचा गुणाकार करा. कारागिराने आकडा कसा बसवला असेल हे तिथेच कळतं. दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे शाळुंखेचं तोंड. अभिषेकाचं पाणी जिथून वाहून जातं ती ही पन्हळ. प्रघात उत्तरेकडे तोंड ठेवण्याचा. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून दालनातल्या पिंडींची तोंडं तपासा. सगळी एका दिशेला नसली तर त्यातल्या काही नंतर आणून मांडल्या असाव्यात किंवा जागेच्या अडचणीमुळे फिरवल्या असाव्यात, एवढा अंदाज तरी बांधता येतो.

आता अग्निवृष. पाटेश्वरला जायचं ते या एका मूर्तीसाठी, इतकी ती वेगळी आहे. एकाच दगडात बैल आणि पुरुष. घाईत बघणाऱ्याला ती नंदीची मोडकी मूर्ती वाटते. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात एक ऋचा आहे (४.५८.३): "चत्वारि शृङ्गा त्रयो अस्य पादा द्वे शीर्षे सप्त हस्तासो अस्य". चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात, तीन ठिकाणी बांधलेला आणि डरकाळी फोडणारा वृषभ. ही ऋचा मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि मूर्तीसमोर एकेक अवयव शोधत जा. आधी समोरून पुरुष बघा, मग बाजूला सरकून टॉर्च तिरपा धरा म्हणजे बैल वेगळा होतो. हात मोजायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. वैदिक वर्णनाला इतकं शब्दशः दगडात उतरवलेलं फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. ती बघायला अख्खी वीस मिनिटं द्या. जमलं तर गर्दी ओसरल्यावर एकदा परत या.

दगडाकडेही थोडं लक्ष द्या. भिंतीवर पांढरे ठिपके दिसले की लोक म्हणतात चुना उडालाय. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्या नंतर झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजाने भरतात. काळ्या कातळातले ठिपके पुष्कळदा तेच असतात. नखाने उकरून बघू नका. छिन्नीच्या खुणा बघायच्या असतील तर कोपऱ्यात आणि छताजवळ शोधा. दर्शनी भाग घोटून गुळगुळीत केलेला असतो, कोपरे तसे राहिलेले असतात. सगळ्या खुणा एकाच बाजूला कललेल्या दिसल्या तर कारागीर कोणत्या बाजूला उभा राहून घाव घालत होता ते कळतं. काळा कातळ इतका कठीण की छिन्नीचं टोक पटापट बोथट होतं. अशा कामाला पाथरवटाच्या जोडीने लोहार आणि भाता लागतोच.

उजेड कसा न्यावा

या फेरीत सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडतो आणि कोरीव काम सपाट करून टाकतो, शिवाय तासाभरात बॅटरी अर्ध्यावर येते. डोक्याला बांधायचा २००–३०० ल्युमेनचा हेडलॅम्प चालण्यासाठी आणि हातातला एक छोटा टॉर्च बघण्यासाठी, असे दोन उजेड माणशी ठेवा. हातातला टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे प्रकाश दगडावरून घासत जाईल आणि उठावाची प्रत्येक कड सावली टाकेल. झिजलेलं नक्षीकामही असं उठून दिसतं. शिलालेखासाठीही हीच पद्धत. लेखावर खडू, पिठी, तेल, कुंकू असलं काहीही चोळू नका. तेलाने अक्षराच्या खाचेत धूळ घट्ट बसते आणि पुढच्या माणसाला ते कायमचं वाचता येत नाही.

१००० ल्युमेनचा मोठा टॉर्च नको. त्याने डोळे दिपतात, आणि छताला वटवाघळं असतील तर ती उठतात. दालनात तीव्र उग्र वास आला आणि पायाखाली काळपट कोरडी पूड दिसली तर ती वटवाघळांची विष्ठा. ती पायाने उडवू नका, तोंडाला रुमाल बांधा, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ते दालन सोडून द्या. त्या कोरड्या पुडीतून बुरशीचे कण फुप्फुसात जाऊ शकतात.

फोटोसाठी ट्रायपॉडला जागा कमी पडते. मोबाइल भिंतीला किंवा उंबऱ्याला टेकवून नाइट मोडवर ठेवा, तीन सेकंदांचा टायमर लावा आणि हातातला टॉर्च बाजूने मारा. कॅमेरा असेल तर आयएसओ १६०० आणि शटर १/१५ च्या आसपास धरून खांदा भिंतीला टेकवून काढा. फ्लॅश बंद.

कापूर आणि उदबत्ती आत लावायची टाळावी. बंद दालनात धूर साठतो, काजळी छतावर बसते ती पुसून जात नाही. धुराचा दुसरा धोका बाहेर असतो: कड्याला आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर, ड्रोनचा आवाज, आरडाओरडा यातल्या कशानेही ते उठू शकतं. मोहोळ दिसलं तर त्याच्या खालून जाऊ नका. उठलंच तर हात न झाडता तोंड-मान कपड्याने झाकून तिथून लांब पळा. अंधाऱ्या दालनात शिरलात आणि माश्या मागून आल्या तर अडकायला होतं.

सापांचं म्हणाल तर डोंगरावर फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. दगडाच्या फटीत हात घालू नका, बसण्याआधी जागा बघा, चपलांऐवजी घोट्यापर्यंतचे बूट घाला. देवळात आणि मठांत मात्र पादत्राणं काढावीच लागतात, म्हणून बूट लेस न सोडता काढता येणारे हवेत आणि बरोबर जाड मोजे असावेत. तेल आणि अभिषेकाच्या पाण्याने जमीन निसरडी असते, नायलॉनचे मोजे त्यावर घसरतात. सुती घ्या.

उतरून लिंबकडे

पावणेअकराला उतरायला लागा, सव्वाअकरापर्यंत गाडीशी या. तिथून साताऱ्याला बगल देऊन महामार्गाने लिंब फाट्यापर्यंत जाता येतं. बारा-सव्वाबाराला विहिरीवर. जेवण नंतरच करा. वाढे फाटा ते लिंब फाटा या पट्ट्यात पिठलं-भाकरी, आमटी, खर्डा मिळणाऱ्या खानावळी आहेत, आणि दीड-दोनला पोचलात तरी ताट मिळतं. एसटीने जायचं असेल तर लिंबसाठी साताऱ्याहून गाड्या असतात, पण पाटेश्वर आणि लिंब दोन्ही एकाच दिवशी एसटीने जोडणं जिकिरीचं आहे. फाट्यावर ताटकळण्यात तासच्या तास जातात.

साडेबाराच्या अट्टहासाचं कारण साधं आहे. विहीर सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल. साताऱ्याला सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बाराला न येता साधारण साडेबाराला, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशाचं. डिसेंबरात तेव्हाही सूर्य जेमतेम ४९ अंश वर असतो, म्हणजे ऊन कठड्यापासून फार तर ५५–६० फूट खाली उतरतं. पाऊसकाळ चांगला झाला असेल आणि पाणी वर असेल तर ते पाण्याला टेकतं आणि त्याचे कवडसे महालाच्या कमानींवर हलतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर माथ्यावर येतो. ऑगस्टात ढग असतात, पण मे महिन्यात ऊन थेट तळापर्यंत जातं. तेव्हा पाणीही खाली गेलेलं असतं आणि एरवी बुडालेलं बांधकाम उघडं पडतं. फोटोसाठी हिवाळा, बांधकाम समजून घेण्यासाठी मे.

विहीर बांधली ती श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीतलं काम. दारावरच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १७१९ ते १७२४. लेख वाचायला वर सांगितलेला तिरपा उजेड वापरा.

आत जाताना एकदम खाली पळू नका. आधी वरून पूर्ण फेरी मारा. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून आयताकृती उपविहीर, आणि दोन्हींच्या मध्ये महाल. वरून आकार पिंडीसारखा दिसतो. हा आकार डोक्यात बसला की आतल्या वाटा गोंधळात टाकत नाहीत. फेरी मारताना मोटांच्या जागा बघा. त्या पंधरा आहेत. एका वेळी बारा मोटा चालायच्या, त्यावरून नाव पडलं असं सांगतात.

मोट कशी चालायची हे माहीत नसेल तर वरचे ते दगड नुसते दगड वाटतात. चामड्याच्या मोटेला दोन दोर असत: जाड नाडा मोट वर ओढायचा, बारीक सोंदूर तिची सोंड, म्हणजे पाणी ओतायचं नळीसारखं तोंड, वर धरून ठेवायचा. बैल उतरत्या धावेवरून खाली चालत जात, म्हणजे त्यांच्या अंगाचं वजनही कामी येई. मोट कठड्याशी आली की सोंदूर सोंडेला पुढे ओढून घेई आणि पाणी आपोआप थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी हौदात, सांडे. मग बैल पाठपावली वर येत आणि मोट परत खाली जाई. बैलांना जितकं चालायचं तितकंच मोट वर येणार, म्हणून पाणी जितकं खोल तितकी धाव लांब हवी. आता कठड्यावर उभे राहून मागची मोकळी जमीन बघा आणि बारा बैलजोड्या एकाच वेळी तिथे हलत असतील तर किती जागा लागली असेल याचा अंदाज घ्या. या विहिरीचं मोठेपण खोलीत जेवढं, तेवढंच या वरच्या मांडणीत आहे, आणि तीच बघायची राहून जाते.

मग पायऱ्या. दारातून आत शिरलात की उन्हाची धग मागे राहते. जाड दगडी भिंती आणि खालचं पाणी यामुळे भर एप्रिलातही आत गारवा असतो. पायऱ्यांची उंची नेहमीच्या जिन्यापेक्षा जास्त वाटते, गुडघे दुखणाऱ्यांनी भिंतीला हात लावून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावं. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत शेवाळ असतं. काळ्या दगडावर ते दिसत नाही, पाय सरकला की मगच कळतं. शेवटच्या ओल्या पायऱ्यांवर जाऊच नये. पुढे सरळ खोल पाणी आहे.

महाल हा या सगळ्याचा कळस. विहिरीच्या पोटात, पाण्याच्या वर, खांबांवर उभं असलेलं दालन. खांबांवर गणपती, मारुती, हत्तीवरचे आणि घोड्यावरचे स्वार कोरलेले आहेत. भिंतींवर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, आहेत. प्रत्येक खांबाच्या चारही बाजू बघा, कारण वाटेकडच्या बाजूला तोंड नसलेली शिल्पं हटकून सुटतात. प्रतापसिंह महाराजांची खलबतं इथे होत असं गावात सांगतात. चोरवाटाही आहेत: बाजूच्या अरुंद जिन्यांनी वरच्या मजल्याशी जाता येतं. तिथे एका वेळी एकच माणूस मावतो, म्हणून वर जाणाऱ्याने हाक देऊन जावं. लहान मुलांना या जिन्यांत एकटं सोडू नका.

सुरक्षेबाबत विहिरीला पाचपैकी तीनच गुण. कठड्याची उंची सगळीकडे पुरेशी नाही. सेल्फी घेताना लोक पाठ विहिरीकडे करून मागे सरकतात, हे बघून छातीत धस्स होतं. पाच-सात वर्षांची पोरं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाकडे फक्त तेवढंच काम द्या. पोहायला उतरू नका. बाजूच्या भिंती सरळ आहेत, दमलेल्या माणसाला धरायला काही नाही. पाण्यात नाणी टाकू नका, दगड टाकून खोली बघू नका.

शनिवार-रविवारी अकरा ते चार गर्दी असते आणि महालात शांतपणे उभं राहता येत नाही. मंगळवार ते गुरुवार उत्तम. पाटेश्वरला श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून कधीही जा. त्या दिवशी दर्शनासाठी जरूर जा, पण शिल्पं बघायचा बेत त्यात घालू नका. जून ते सप्टेंबर डोंगर हिरवागार, मात्र लेण्यांत झिरपतं, वाट निसरडी होते आणि ढगांमुळे विहिरीत उजेड नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ.

विहिरीनंतर वेळ उरला तर लिंब-गोवे इथलं कृष्णेवरचं कोटेश्वर मंदिर जवळच आहे, अर्धा-पाऊण तास पुरतो. ही चव लागून आणखी लेणी बघावीशी वाटली तर कराडजवळच्या जखिणवाडीला आगाशिवाची बौद्ध लेणी आहेत. डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना पसरलेली साठांहून जास्त दालनं आहेत ती. कराड साताऱ्यापासून पन्नास किलोमीटर आणि आगाशिवाचा डोंगर चढायचा म्हणजे उन्हातलं मोठं चालणं. ती याच दिवशी जोडू नका. त्यांना सकाळी सहाला सुरू होणारा स्वतंत्र दिवस, माणशी तीन लिटर पाणी आणि वाट माहीत असलेला माणूस लागतो.